पुडीवरचं अक्षर

बी जिवंत आहे की मेलेली, हे वरून बघून कळत नाही. सोनकांबळे मॅडम दरवर्षी पहिल्या तासाला हे वाक्य बोलायच्या आणि मी मागे कपाटाला टेकून ऐकायचो. मी परब. मुलुंडच्या एका कॉलेजात बॉटनीच्या लॅबचा अटेंडंट होतो. सव्वीस वर्षं मॅडमच्या हाताखाली काढली. एकच वाक्य सव्वीस वेळा ऐकलं की ते कानात शिरत नाही, नुसतं वरून जातं. माझं तेच झालं, आणि भोवलं मात्र मॅडमना.

ते सांगणारच आहे, त्यासाठीच बसलोय. पण आधी बाई काय चीज होती ते कळायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, तीन बियांचं काय एवढं घेऊन बसलाय हा म्हातारा.

उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण आवाज असा की शेजारच्या फिजिक्सवाल्यांनी दोनदा लेखी तक्रार केली होती. पहिल्या तासाला फळ्याला हात लावायच्या नाहीत. आत आल्या आल्या हुकूम, "डबे काढा." पोरं एकमेकांची तोंडं बघायची. "खायला नाही रे, बघायला. काढा पटापट." मग एकेकाच्या डब्यात डोकावत फिरायच्या. प्रत्येकाने आपल्या डब्यातली एक तरी बी शोधून टेबलावर ठेवायची. मटकी, तांदूळ, भेंडीची बी, फोडणीतली मोहरी. एका वर्षी भांडुपचा एक पोरगा उभा राहिला. "मॅडम, डबा नाही. वडापाव आहे."

"मग वडापाव उघड."

वर्ग खो खो हसला. मॅडमनी तो वडा स्वतःच्या हाताने फोडून टेबलावर पसरला. "पाव गव्हाचा. गव्हाचा दाणा म्हणजे बीच धर. हे बेसन, हरभऱ्याची बी. ही मोहरी. तळलाय सरकीच्या नाहीतर सोयाबीनच्या तेलात, तेही बीमधलंच. मिरचीच्या पोटात बिया. एक बटाटा सोडला तर तू सकाळी सकाळी बियाच खातोयस, कळलं?" पोराला एवढंच कळलं की आपला वडापाव गेला. तास संपल्यावर मॅडमनी मला कँटीनला पाठवून त्याला दोन आणून दिले.

सगळ्यांच्या बिया मांडून झाल्या की त्या पर्समधून एक चिलगोजा, म्हणजे पाइनची बी, काढून बाजूला ठेवायच्या. "तुमच्या डब्यातले सगळे फुलवाले. नवे लोक. जुन्यांपैकी हा एकटा." आणि मग गोष्ट सुरू.

"फार पूर्वी नेचे होते, म्हणजे फर्न. नेच्याला लेकरू व्हायचं तर ओली जमीन लागायची. कोरड्यात गेला की वंश बुडाला. मग कुणीतरी गाठोडं बांधलं. माझ्या आईने नांदेडकडचं गाव सोडताना बांधलं होतं तसं. वर जाड फडकं, आत चार भाकरी, आणि कडेवर मी. ते गाठोडं म्हणजे बी. आता लेकरू कुठेही पडो, पाऊस येईपर्यंत तग धरेल. सुरुवातीच्या बियांना वरून छप्पर नव्हतं, उघड्याच बसायच्या. सायकस, पाइन, ही सगळी उघड्या बियांची मंडळी. यांच्या सावलीत डायनोसॉर फिरले. आणि मग आले फुलवाले. त्यांनी बी फळात झाकली, रंग काढले, वास काढले, मध ठेवला, किडे-पाखरं कामाला लावली. बघता बघता गवतापासून वडापर्यंत सगळी जमीन त्यांची. जागा रिकामी दिसली की फुलवाले आलेच म्हणून समजा."

एखादं पोरगं विचारायचंच, मग जुन्यांचं काय झालं? मॅडम याचीच वाट बघत असायच्या. "चला, दाखवते," म्हणून वरात लॅबच्या मागे निघायची.

तिथे भिंतीलगत आमची सायकस होती. माझ्यापेक्षा हातभर उंच, काळं खरबरीत खोड आणि डोक्यावर पानांचा मुकुट. कुणी लावली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सायकसमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. ही मादी. पूर्वी शेजारी नरही होता म्हणे, पाण्याची टाकी बांधताना गेला. तिला कुणी पाम म्हटलं की मॅडमचं टाळकं फिरायचं. एकदा प्रिन्सिपल पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, हा आमचा जुना पाम. मॅडमनी पाहुण्यांसमोर त्यांना ऐकवलं, "सर, पाम फुलवाला आहे, कालचा पोर. ही त्याच्या खापरपणजीची खापरपणजी." प्रिन्सिपलनी पुढे महिनाभर आमच्या फिनेलच्या मागणीवर सही केली नाही.

पोरांना सांगताना मात्र आवाज खाली यायचा. "हिच्या नराची पेशी अजून पोहत येते बीजांडापर्यंत. नेच्यासारखी. बाकीच्यांनी ते पोहणं सोडून दिलं, हिने सोडलं नाही." असं म्हणून त्या खोडावर थाप मारायच्या. मुली फिदीफिदी हसायच्या. मॅडम हसू द्यायच्या.

आता नियमाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आलं. मॅडमनी तरुणपणी सह्याद्रीत हिंडून वनस्पती गोळा केल्या होत्या, दाबून वाळवून कागदांवर चिकटवलेल्या. आमच्या कपाटाचा एक अख्खा खण त्यांचा. एका सुट्टीनंतर मी तो खण उघडला तर आत नुसता भुगा. कुणीतरी न वाळवलेली फांदी आत ठेवली होती, तिच्यातून कीड आली आणि सगळं खाऊन गेली. मॅडम ओरडतील म्हणून मी दाराशी सरकलो. त्या ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि भुग्यात बोटं घालून रडल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई अशी गपचूप रडताना मी पहिल्यांदाच बघितली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "परब, यापुढे टेबलावर पुडी दिसली आणि वर माझं अक्षर असलं की आधी ओव्हन, मग प्रश्न. उघडून बघायची नाही, बारीक बिया सांडतात. साठ डिग्री, दोन दिवस. मी आजारी असेन, मेलेली असेन, तरी ओव्हन."

"मॅडम, काय अभद्र बोलता."

"ओव्हन म्हणजे ओव्हन."

त्यानंतर आमच्या कपाटात एक किडा शिरला नाही. मी त्या नियमाचा पक्का झालो. इतका की पुडीवर मॅडमचं अक्षर आहे एवढंच बघायचो, काय लिहिलंय ते वाचायचो नाही.

मॅडमना एकच ध्यास होता. आमच्या सायकसला बी धरायला हवी. एकदा तरी. बोरिवलीला एका सोसायटीच्या आवारात नर होता, हे त्यांना कुणा विद्यार्थ्याकडून कळलं. तेव्हापासून त्याला तुरा आला की आमची वारी. त्याच्या त्या हातभर लांब पिवळट तुऱ्याखाली बटर पेपर धरायचा, टिचक्या मारायच्या, पिवळी पूड पडते ती पुडीत बांधून स्टीलच्या डब्यात. मग लिंक रोडवरून बसने मुलुंड. मॅडम डबा मांडीवर घट्ट धरून बसायच्या. एकदा कंडक्टरने विचारलं, "बाई, काय आहे एवढं त्यात?"

"नवरदेव," मॅडम म्हणाल्या. "खिडकी लावून घ्या, वाऱ्याने उडून जाईल."

कंडक्टरने गुपचूप खिडकी लावली. मला हसू आवरेना. मी म्हटलं, मॅडम, मुलीकडचे आपण आणि नवरा आपणच आणायला जायचं, ही कुठली पद्धत? तर म्हणाल्या, "मुलगी तीस कोटी वर्षांच्या घराण्यातली आहे रे, तेवढं चालायचंच."

पण लग्न काही लागेना. आमचीला दरवर्षी बीजांडं यायचीच असं नाही. आली तर नराचा तुरा संपलेला. नराचा तुरा मिळाला तर ही बंद. मॅडम पराग फ्रीजमध्ये स्टाफच्या दुधाशेजारी ठेवायच्या, तर कधी त्याला बुरशी. चौदा वर्षं हे चाललं. चौदाव्या वर्षी दोघांची वेळ जमली. मी शिडी धरली, मॅडमनी वर चढून ब्रशने एकेका बीजांडावर पूड लावली. साडी खोचून, चप्पल काढून, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. बाकीची सगळी सुकून गळली. तीन टिकली. फुगली, नारिंगी झाली, सुपारीपेक्षा मोठी. मॅडम त्यांना पोरी म्हणायच्या. "परब, आपल्या पोरी बघून आलास का?" ही रोजची सकाळ.

आणि मग तो शनिवार. आदल्या दिवशी मी रजेवर होतो, चुलतभावाच्या घरी साखरपुडा होता. शनिवारी सकाळी लॅब उघडली तर टेबलावर पुडी, वर मॅडमचं अक्षर. मॅडमचा पत्ता नाही. नंतर कळलं, शुक्रवारी चक्कर येऊन पडल्या होत्या, तशाच हॉस्पिटलात नेलं. मी पुडी हातात घेतली. आत सुपारीएवढं काहीतरी लागलं. हिरडे-बेहडे असतील म्युझियमच्या बरणीसाठी, असं वाटलं. ओव्हन लावला, साठवर, आणि घरी जाऊन मस्त बांगडा खाल्ला. तो बांगडा मला अजून आठवतो.

सोमवारी पुडी काढली आणि पहिल्यांदा वाचली. सायकस. मादी. लॅबच्या मागे. धावत मागे जाऊन बघितलं, झाडावर पोरी नव्हत्या.

आणि मग मी जे केलं ते कुठल्या नियमात नव्हतं. त्या तीन बिया मी पंख्याखाली धरल्या. गार होईपर्यंत. पुन्हा पुडीत बांधल्या आणि पुडी होती तशी टेबलावर ठेवली. अकराच्या सुमाराला मॅडम आल्या, हाताला सुईची पट्टी. पुडी उचलून म्हणाल्या, "चल परब, आज पोरी पेरू." रेती मीच चाळून दिली. कुंडी मीच धरली. त्यांनी तिन्ही बिया अर्ध्या वर, अर्ध्या खाली अशा बसवल्या आणि मगने पाणी घातलं. "आता वर्ष लागेल, दीड लागेल. यांना घाई माहीत नाही."

मनात म्हटलं, झाड आहे ना. पुढच्या वर्षी पुन्हा करू, तेव्हा सांगू. भित्र्या माणसाला पुढचं वर्ष फार आवडतं.

फेब्रुवारीत मॅनेजमेंटचं ठरलं की लॅबच्या मागे नवी इमारत येणार. मॅडमनी अर्जांचा सपाटा लावला. झाड मुळासकट हलवून पुढच्या आवारात लावू, असं त्यांना कबूल केलं गेलं. सायकसच्या बुंध्याला तेव्हा दोन कोंब फुटले होते. ते कापून लावले की तसंच झाड येतं. एका विद्यार्थिनीने सुचवलंसुद्धा, मॅडम, एखादा कोंब काढून ठेवू या का? मॅडम म्हणाल्या, "कशाला हिला सुरी लावायची? पोरी आहेत ना आपल्याकडे." मी तिथेच उभा होतो. हातात बादली होती. तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी सगळं सावरलं असतं. नाही उघडलं.

मे महिन्याच्या सुट्टीत झाड तोडलं. आम्ही पोचलो तेव्हा खोडाचे तुकडे ट्रकमध्ये चढत होते. कोंबांवरून जेसीबी गेला होता. कंत्राटदार म्हणाला, "ते ताडाचं का? वरून सांगितलं, काढून टाका." मॅडम त्याला पाम आणि सायकसमधला फरक सांगायला गेल्या नाहीत. एक पान उचललं, दुमडून पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाल्या, "कुंडी सांभाळून माझ्या घरी पोचव. आता ती तेवढीच आहे."

पुढच्या वर्षी त्या रिटायर झाल्या. बॉटनीला पोरं येईनात, लॅबला कुलूप लागलं, मला ऑफिसात फायली दिल्या. मॅडमच्या किडन्या बिघडल्या, आठवड्याला दोनदा डायलिसिस. साखरेने नजरही गेल्यात जमा. घाटकोपरला पहिल्या मजल्यावर त्या आणि त्यांची पुतणी वर्षा. कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये. मी दर रविवारी जायचो. मॅडम कुंडीतल्या रेतीवर बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "अजून वेळ आहे." नंतर प्लास्टिकचा मग भरून पाणी घालायच्या. एवढी तहान लागलेली बाई, डॉक्टरने तिला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, आणि ती माझ्या मारलेल्या बियांना भरभरून पाणी घालायची. मी चहा न पिताच उठायचो.

घरी बायको म्हणायची, "सांगान टाका एकदाचा. पोटात ठेवन कितके दिस फिरतल्यात?" मी तिच्यावरच खेकसायचो.

एका रविवारी सकाळीच मॅडमचा फोन. "परब, लवकर ये. कुंडीत काहीतरी आलंय. बोटाला लागतंय!" तो जुना आवाज, फिजिक्सवाल्यांना ऐकू जाईल असा. साठ डिग्रीत दोन दिवस राहिलेली बी उगवत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बसमध्ये मी रवळनाथाला नारळ कबूल केला.

त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. "वर्षाला कळत नाही. तू सांग, काय दिसतंय?"

मी वाकलो. "हिरवं आहे, मॅडम."

"पानं किती?"

दोन होती. एक म्हटलं असतं तर त्या दिवसभर सुखात राहिल्या असत्या. पण त्या माझ्या तोंडाकडे, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, असं बघत होत्या की माझ्याच्याने झालं नाही. "दोन," मी म्हटलं. "समोरासमोर."

त्यांनी हात मागे घेतला. "मग फुलवाला. आघाडा-बिघाडा असेल, कुठून तरी आलेला. सायकसचं पहिलं पान एकटं येतं, गुंडाळलेलं." मग हसल्या. "जागा रिकामी दिसली, आले. उपटू नकोस, राहू दे. पोरींना वेळ लागतोय एवढंच."

"मॅडम, त्या येणार नाहीत."

"का?"

"मी ओव्हनमध्ये टाकल्या होत्या."

आत कुकरची शिटी झाली. वर्षाने गॅस बारीक केला. मॅडम बोलल्या तेव्हा आवाज प्रॅक्टिकलच्या परीक्षेतला होता. "किती डिग्री?"

"साठ."

"किती वेळ?"

"शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ."

"पण मी हातात घेतल्या तेव्हा गार होत्या."

"पंख्याखाली धरल्या होत्या."

हे ऐकून त्यांनी मान फिरवली. मग विचारलं, "पुडीवर माझं अक्षर होतं?"

"होतं."

"मग तू नियमाने वागलास. नियम माझा."

मी रडायला लागलो. म्हटलं, मॅडम, शिव्या घाला, थोबाडीत मारा, काहीतरी करा. "गप रे," त्या म्हणाल्या. आणि मग हळू, मला नाही तर त्या खिडकीला सांगितल्यासारखं, "भाजल्यास त्याचं नाही. सोमवारी सांगितलं असतंस, तर झाड उभं होतं. एक कोंब काढला असता मी."

मी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"जा आता. मला पडायचंय."

त्यानंतर महिन्याच्या आत त्या गेल्या. मधल्या कुठल्याच रविवारी मी गेलो नाही, तोंड नव्हतं. वर्षाचा फोन आला तो सगळं आटोपल्यावर. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी.

त्या रविवारी जिना उतरून खाली आलो आणि त्यांच्याच खिडकीखाली भिंतीला धरून उभा राहिलो. वर काहीतरी वाजलं. बघितलं तर मॅडम ग्रिलला धरून उभ्या, दुसऱ्या हातात मग. आडव्या होणार होत्या म्हणे. बोटांनी कुंडीची कड चाचपली आणि पाणी ओतायला लागल्या. त्या आघाड्याला घालत होत्या की पोरींना, मला माहीत नाही. पाणी जास्त झालं, कुंडीच्या भोकातून, ग्रिलमधून खाली आलं आणि माझ्या डोक्यावर, खांद्यावर पडायला लागलं. खाली मी आहे हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी बाजूला झालो नाही. हातातला मग रिकामा झाला म्हणून त्या भिंत चाचपत आत गेल्या, आणि भरून परत आल्या.